पत्र्यावर वाजतोच की

नाना माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आले ते २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. खुर्चीत बसले आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. पुढच्या चाळीस मिनिटांत त्यांनी तो सहा वेळा सुलटा केला. ना कुणाचा फोन, ना मेसेज. ते आभाळ बघत होते. डाव्या हाताला खिडकी होती, गंगापूर रोडवरचं दुपारचं ऊन तिच्यातून थेट टेबलावर पडलं होतं, पण त्याचा त्यांना उपयोग नव्हता. त्यांना दिंडोरीचं आभाळ हवं होतं, आणि तेही पुढच्या पंधरा दिवसांचं.

वय ४४. दिंडोरी तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग. घरी वडील, पत्नी, बारावीतली मुलगी, सातवीतला मुलगा. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही तेच म्हणत आलो. गावाचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तारखा दोन-चार दिवस इकडेतिकडे केल्या आहेत. दोन तारखांमधलं अंतर मात्र जिथे महत्त्वाचं आहे तिथे तसंच ठेवलंय. नाना आणि वहिनी दोघांनी वाचून ‘चालेल’ म्हटल्यावरच हे बाहेर काढतोय.

तक्रार साधी होती. साडेदहाला डोळा लागतो, दीडला उघडतो, मग उजाडेपर्यंत फोन. छातीत धडधड. पोटात गोळा आल्यासारखं. पोरांवर विनाकारण ओरडणं, आणि नंतर त्याचंच वाईट वाटणं. ‘सर, आभाळ आलं ना की पोटात कालवतं. आणि नाही आलं तरी कालवतं, की आता येईल.’

हे एका दिवसात सुरू झालेलं नव्हतं. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, ती इकडे कुणी विसरलेलं नाही. नानांची बाग तेव्हा छाटणीपासून पन्नासेक दिवसांची, मणी नुकते धरलेले. अर्ध्या तासात एका बाजूच्या ओळींची पानं चाळणी झाली. त्यानंतर दोन रात्रींनी छातीत दुखतंय म्हणून त्यांना नाशिकला एका दवाखान्यात आणलं. ईसीजी ठीक, इको ठीक, साखर आणि थायरॉइड ठीक. रक्तदाब तेवढा त्या रात्री १५०/९६ निघाला, नंतर उतरला. घरी सोडताना त्यांना सांगितलं गेलं, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ या वाक्याइतकं बिनकामाचं औषध मी दुसरं पाहिलेलं नाही. तपासण्या करायलाच हव्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याचं टेन्शन बागेत लोंबतंय त्याने ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?

द्राक्ष न लावलेल्या माणसाला नानांचं आभाळ बघणं वेडेपणा वाटेल, म्हणून थोडं सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतरच्या दोन महिन्यांत काडीत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठीची गोडी छाटणी, आणि तिथून माल तुटेपर्यंत साधारण चार महिने. या चार महिन्यांत पान ओलं राहिलं की डावणी, म्हणजे बुरशीचा रोग. फुलोऱ्यात पाऊस आला की गळ आणि घडकुज. मण्यात पाणी उतरल्यावर आला की मणी तडकतो, आणि तडकलेला माल व्यापारी बघतसुद्धा नाही. फवारणी वेळेत झाली तर बाग वाचते, सहा-आठ तास उशीर झाला तर कधी कधी नाही वाचत. तेव्हा आभाळावर नजर ठेवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. सराफ जसा तराजूवर ठेवतो तशी.

मग दुखणं कुठून सुरू होतं? मी एक साधी फूटपट्टी लावतो. बघितल्यावर काहीतरी करायचं ठरत असेल, तर ती राखण. बघितल्यावर फक्त पुन्हा बघावंसं वाटत असेल, तर ते दुखणं. नानांना विचारलं, कालच्या दिवसात किती वेळा पाहिलंत? ‘मोजलं नाही. पन्नास-साठ असेल.’ त्यातून किती वेळा काही केलंत? बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘एकदा. वाळत घातलेली कापडं आत घेतली.’

आमच्याकडे सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, चिंता मोजायची. ० ते २१ गुण, १० किंवा त्याहून वर गेलं की नीट बघायचं. नानांचे १६ आले. मग मी तो प्रश्न विचारला, जो शेतकरी समोर बसला की मी टाळत नाही. आडवळणाने नाही, सरळच. नाना, जीव नकोसा होतो का? असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. नाना म्हणाले, ‘तसं नाही सर. पण रात्री वाटतं, झोपलो तर उठूच नये.’ बेत नव्हता, तयारी नव्हती, आधी कधी प्रयत्न नव्हता. तरी बागायतदाराच्या घरात कीटकनाशकं असतात आणि वाईट क्षण पाचच मिनिटांचा असतो. म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरल्या. औषधांच्या खोलीला कुलूप आणि किल्ली वहिनींकडे. फवारणीच्या वेळी मागून घ्यायची. आणि दुसरी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. त्यांनी गोळी सुरू केली, ती अजून चालू आहे. पुढे जे काही बरं झालं त्यात त्या गोळीचा वाटा आहे, आणि तो किती हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबरही मी त्यांना लिहून दिला. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

नाना शांततेच्या शोधात आधीच एक मोठी फेरी मारून आले होते. जूनच्या मध्याला ते इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस राहून आले. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरं चालतात. गोएंकागुरुजी स्वतः व्यापारी, अर्धशिशीने बेजार होऊन ब्रह्मदेशात या वाटेला लागले होते; हे नानांनीच मला सांगितलं, आणि जरा आपलेपणाने सांगितलं. फोन जमा, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. पैसे कुणी मागत नाही, शेवटी मनाला येईल ते दान.

‘कसं वाटलं?’

‘लई भारी. असं शांत आयुष्यात वाटलं नव्हतं.’

‘किती दिवस टिकलं?’

‘घोटीच्या टोलनाक्यापर्यंत.’

विनोद त्यांनी हसण्यासाठी केला नव्हता, पण मला हसू आलं. टोलच्या रांगेत फोन सुरू केला, बागायतदारांचे तीन ग्रुप, चारशे मेसेज. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलं होतं, ते पाचव्या दिवशी सुटलं. शिबिराला मी दोष देत नाही. तिथून येऊन वर्षानुवर्षं बसणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. पण नाना एक गोष्ट बोलता बोलता सांगून गेले, जिच्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. सहाव्या दिवशी बसले असताना त्यांना रडू आलं होतं. मी विचारलं, कशाने? ‘बागेच्या काळजीने,’ म्हणाले. मी तेच लिहून घेतलं आणि पुढे गेलो. ती माझी चूक.

तासभर डोळे मिटून बसणं त्यांना पुन्हा जमणार नव्हतं हे स्पष्ट होतं. म्हणून त्यांच्या दिवसातली एखादी रिकामी जागा शोधू लागलो. ती सापडली ब्लोअरच्या, म्हणजे फवारणीच्या यंत्राच्या टाकीपाशी. ६०० लिटरची टाकी हौदावरून भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. औषध मिसळायच्या आधीचं हे नुसतं पाणी भरणं. तेवढा वेळ नाना ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून फोन बघायचे. ठरवलं असं की फोन ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये टाकायचा आणि पाण्याकडे बघत श्वास घ्यायचा. आत घेताना चार अंक, सोडताना सहा. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे बऱ्याच जणांच्या नाडीवर बोट ठेवून कळतं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस ते काम करते. सोडणं लांबवलं की शरीराला ‘संकट टळलं’ असा निरोप जातो. यात गूढ काही नाही. नानांना पटलं ते मात्र शरीरशास्त्रामुळे नव्हे. ‘टाकी भरेपर्यंत तसंही कुठं जाता येत नाही,’ म्हणाले.

शिवाय एक वही. संध्याकाळी सात ते साडेसात ही काळजीची वेळ. दिवसभर जे मनात येईल त्याला ‘सातला ये’ म्हणायचं आणि सातला वहीत उतरवायचं. हवामान सकाळी सहाला आणि त्या सातलाच बघायचं. हवामान खातं काही दर पाच मिनिटांनी नवं आभाळ तयार करत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

९ सप्टेंबरला दुसऱ्यांदा आले तेव्हा वही बरोबर होती. खतांच्या दुकानाने वाटलेली, वर दुकानाची जाहिरात. पानं भरलेली होती. ‘सोसायटीचं व्याज.’ ‘पेठचे मजूर छाटणीला येतील का.’ ‘पोरीची फी.’ ‘पानावर डाग, करपा का?’ आणि तिसऱ्या पानावर एक ओळ अशी खोडलेली की बॉलपेनने कागद फाटला होता.

‘हे काय?’

नानांनी फोन सुलटा केला. आभाळ बघितलं. मग उलटा ठेवला आणि बोलायला लागले.

गारपिटीतून वाचलेला १४० क्विंटल माल त्यांनी मार्चमध्ये विकला. वडिलांचं म्हणणं होतं, नगदी देणाऱ्याला दे, तो २९ म्हणतोय तर २९. दुसरा एक व्यापारी ३२ म्हणाला. लाख रुपये रोख, बाकी ३ लाख ४८ हजारांचा पुढच्या तारखेचा चेक. नानांनी त्याला दिला. किलोमागे तीन रुपये. चेक २५ मेचा होता, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आला. व्यापारी म्हणाला, जरा थांबा, मग टाका. चेक तीन महिने चालतो. नानांनी २० ऑगस्टला पुन्हा टाकला आणि २२ तारखेला बँकेचा मेमो हातात आला, खात्यात पैसे नाहीत. तो मेमो त्यांनी ब्लोअरच्या नोझलच्या डब्यात ठेवला होता. घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांना सांगायची लाज, आणि बायकोला सांगितलं तर ती वडिलांपासून लपवणार नाही याची खात्री.

मला इगतपुरीचा सहावा दिवस आठवला.

मी वकील नाही, पण एवढं मला ठाऊक होतं. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात, नाही दिले तर त्यापुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. कलम १३८. नोटिशीचे दिवस चुकले की हे कलम हातातून जातं. त्या दिवशी अठरावा दिवस होता. नाना दीड वाजता उठून फोनमध्ये जे बघत होते ते आभाळ खरं, पण आभाळामागे हे होतं. आभाळाची काळजी करायला लाज वाटत नाही, अख्खा तालुका करतो. चेकची एकट्याने करावी लागते.

इथे श्वासाबद्दल एक सांगायला हवं. टाकीपाशी बसून त्यांना शांत वाटलं का? पहिल्या आठवड्यात अजिबात नाही. बसलं की चेक आठवायचा. म्हणून तर ते आजवर कुठे बसतच नव्हते. पण रोज दहा मिनिटं चेक आठवला, धडधड वाढली, उतरली आणि टाकी भरली. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. एखादी गोष्ट आठवून आपण मरत नाही हे त्यांच्या शरीराला कळलं असावं. तेवढ्यावर ती ओळ वहीत उतरली, खोडली का होईना.

गौरींच्या विसर्जनाच्या रात्री, पाहुणे गेल्यावर, त्यांनी वहिनींना सांगितलं. कसं सांगायचं याचा आम्ही सराव केला होता. तो त्यांनी मुळीच वापरला नाही. नोझलचा डबा आणून पुढ्यात ठेवला, म्हणाले, ‘उघड.’ वहिनींनी मेमो वाचला आणि म्हणाल्या, ‘मला जूनमध्येच वाटलं होतं. बँकेत जाताना मला न सांगता जायला लागलात तेव्हा.’ मग रागावल्या, भरपूर. पैशांवरून कमी, तीन महिने अबोल्यासारखं वागल्यावरून जास्त. वडिलांना सकाळी सांगितलं. ते चहा संपवेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, वकिलाकडे मीपण येतो. तेविसाव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली.

त्या रात्री नाना पाचपर्यंत झोपले. इथे गोष्ट संपवली असती तर छान दिसलं असतं.

५ ऑक्टोबरला छाटणी झाली. बाग बारा-तेरा दिवसांची, काडीवरचे डोळे फुटून पोंग्यात, म्हणजे कोवळ्या कोंबात आलेली, आणि परतीचा पाऊस मागे लागला. मी तोपर्यंत एक नियम दिला होता, रात्री नऊला फोन बंद करून कपाटात. शहरात राहणाऱ्याचा नियम. तीन रात्री त्यांनी पाळला. चौथ्या रात्री वणीच्या बाजूला वीज चमकली. दीडपर्यंत अंथरुणात तळमळले, मग कपाट उघडलं आणि पुन्हा फोन. चारला ब्लोअर घेऊन ओल्या बागेत घुसले, ट्रॅक्टर दोन ओळींच्या मध्ये चिखलात रुतला, आणि ढकलायला आलेल्या मुलाच्या अंगावर ते असे ओरडले की पोरगं दोन दिवस जवळ आलं नाही.

पुढच्या भेटीला वहिनी बरोबर होत्या. नाना म्हणाले, ‘सर, तुमचं ते काही कामाचं नाही.’ मी म्हटलं, नियम चुकलाच. डावणीच्या दिवसांत बागायतदाराला रात्रभर आंधळं ठेवणं चूक. मग काय करावं यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत राहिलो. अलार्म लावायचा का, दोनदाच बघायचं का, मुलीला सांगायचं का. वहिनी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या,

‘पडला तर पत्र्यावर वाजतोच की. त्याला मोबाईल कशाला लागतो?’

घरावर पत्रे आहेत हे मला माहीत नव्हतं. नानांना माहीत होतं, जन्मापासून. ते वहिनींकडे बघत राहिले आणि हसले. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. मग म्हणाले, ‘आणि पडत असताना फवारता तर येतच नाही.’

त्यावरून नवी रीत बसली, आणि ती त्या दोघांनी बसवली. संध्याकाळी सातला आभाळ बघायचं. शंका असेल तर टाकी पाण्याने भरून ठेवायची, औषध सकाळीच मिसळायचं. फोन वहिनींच्या उशाशी. पत्रा वाजला तर वाजला. थांबला आणि बागेत चालता येईल असं झालं की उठायचं. यात माझं काही नाही, मी फक्त लिहून घेतलं.

जानेवारीत शेवटची ठरलेली भेट झाली. प्रश्नावलीचे गुण ८. फोन ते दिवसातून आठ-दहा वेळा बघतात, आणि ते मला चालतं. टाकीपाशी बसणं चालू आहे. फवारणी नसते त्या दिवशी बसत नाहीत, आणि मी बसा म्हणत नाही. व्यापाऱ्याने नोटिशीनंतर ५० हजार दिले, उरलेल्यांची तक्रार ऑक्टोबरच्या शेवटी कोर्टात गेली. पैसे कधी येतील सांगता येत नाही. सोसायटीचं कर्ज आहे तसं आहे. माल बरा आहे, पण तुटेपर्यंत कुणी बरा म्हणत नाही.

निघताना मी वहिनींना विचारलं, आता झोपतात का हे? म्हणाल्या, ‘झोपतात ना. डिसेंबरात एक रात्र पत्रा वाजायला लागला. हे जागे झाले, ऐकलं, मला विचारलं किती वाजले. मी म्हटलं दोन. म्हणाले, पाचला उठव. आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.’

‘मग?’

‘मग काय. पाचला उठवायचं होतं ना, मी जागी राहिले. आताशा आभाळ मीच बघते.’

नाना चपला घालत होते, त्यांनी मान वर केली. मी वही पुढे ओढली आणि पुढच्या भेटीची वेळ वहिनींच्या नावावर लिहिली.